विजयेच्या तेलाचं बिल

मी कतारला, दोह्यात मेडिकल इन्शुरन्सच्या क्लेमचं काम करते, बारा वर्षं झाली. आम्ही राहतो त्या अल खोर गावच्या मराठी मंडळींत माझी ओळख तेवढीच आहे. माझी मुलं काय करतात, मी मूळची कुठली, हे लोक विसरतील, पण ‘त्या इन्शुरन्सवाल्या ताई’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मी येते. कुणाचं रूट कॅनाल निघो नाहीतर कुणाच्या पित्ताशयात खडे निघोत, पहिला फोन मला. आणि मला ते आवडायचं, उगाच कशाला खोटं बोलू? चारचौघांत कुणी ‘ताईंना विचारा’ म्हटलं की मी मुद्दाम जरा थांबायचे, चष्मा वर सारायचे आणि मग बोलायचे.

नव्यानं आलेल्यांना मी दोन गोष्टी बजावून सांगत असे. पहिली बिलांची. आपली माणसं दुखणीखुपणी सुट्टीपर्यंत अंगावर काढतात आणि नाशिक-पुण्याला गेल्यावर दात, गुडघे, सगळ्या तपासण्या एका दमात उरकतात. तिथला डॉक्टर ओळखीचा असतो, त्याच्याशी मराठीत बोलता येतं. बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत या खर्चाचा क्लेम इकडे आल्यावर लावता येतो. म्हणून सुट्टीहून परतणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत मेतकूट, लोणचं आणि बिलांची प्लास्टिकची फाईल असायचीच. एकही कागद टाकायचा नाही, नको असलेला मी बाजूला काढीन, असं माझं ठरलेलं वाक्य होतं.

दुसरी गोष्ट खसखशीची. बायांनो, इथं खसखस म्हणजे अफूचं बी. मसाल्यात नको, लाडवात नको, पर्सच्या कोपऱ्यात चुकून सांडलेलीसुद्धा नको. विमानतळावर सापडली तर ‘अहो साहेब, ही आमच्याकडे वाटणात घालतात’ हे ऐकायला कुणी बसलेलं नसतं. हे सांगताना माझा आवाज जरा चढायचा. हे म्हणायचे, तू अशी सांगतेस की समोरचीनं गुन्हा केलाच आहे.

माझं बोलणं शब्दशः ऐकणारी एकच बाई होती. आमच्यापासून चार व्हिला सोडून राहायची. नाशिकची. तिचे मिस्टर रास लफानच्या गॅस प्लांटवर, आमच्या ह्यांच्याच बसनं जाणारे. एक मुलगी, दहावीत. मी तिला वहिनी म्हणायचे आणि ती मला ताई, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान असूनही मी वहिनीच म्हणत राहिले. गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. उपचार नाशिकलाच करायचे ठरले, तिथं तिची आई होती, भाऊ होता. नवरा आणि लेक इथं आणि ही तिथं, असे दहा महिने गेले. ऑपरेशन, किमो सगळं उरकून दिवाळीच्या तोंडावर ती परत आली. का, तर लेकीची दहावी. बोर्डाच्या परीक्षेला मला घरात असायचंय, एवढंच तिचं म्हणणं होतं.

समुद्रकाठच्या समैस्म्याला एका मित्रांच्या व्हिलावर आमचा दिवाळी फराळ असतो. वहिनीनं आईच्या हातचे अनारसे आणले होते. डबा उघडला तर सगळे अनारसे टकले. खसखशीचा एक दाणा नाही. बायका हसायला लागल्या. तेव्हा वहिनीनं सांगितलं, आईनं नेहमीसारखे थापून तळले होते, मग निघायच्या आदल्या दिवशी हिच्या लक्षात आलं. हिनं स्वतः बसून एकेक अनारसा सुरीनं खरवडला, फडक्यानं पुसला आणि मग डब्यात भरला. ‘ताईंनी सांगितलं होतं ना,’ म्हणाली. मला केवढं बरं वाटलं. मी दोन अनारसे खाल्ले आणि आणखी दोन डब्यात घालून घरी आणले.

तिच्या पायांचं मी त्याच दिवशी पाहिलं. समुद्रावर सगळे अनवाणी, आणि ही जाड मोजे घालून खुर्चीवर. किमोनं तळपाय आणि तळहात जळतात, म्हणाली. काहींचं कमी होतं, काहींचं राहतं. चहाचा कप ती रुमालात गुंडाळून धरायची. बोलताना मधेच थांबायची आणि ओठ आत घ्यायची, पुन्हा बोलायची.

नोव्हेंबरात एका शनिवारी ती फाईल घेऊन माझ्याकडे आली. पुढे जे झालं ते या दुपारपाशी येऊन थांबतं, म्हणून नीट सांगते. आमच्या ऑफिसचा नियम आहे की कर्मचाऱ्यानं कुणाचा फॉर्म भरून द्यायचा नाही. मी सर्रास द्यायचे. माझ्या जेवणाच्या टेबलावर अर्ध्या अल खोरचे फॉर्म भरले गेलेत. वहिनीच्या बोटांना पेन धरवत नव्हतं, म्हणून मीच सगळं लिहिलं, माझ्या त्या ठसठशीत मोठ्या अक्षरांत. ती बिलं काढून देत होती, मी तारखा लावत होते, आणि मधेमधे माझा फोन चालू होता, भाचीच्या साखरपुड्याच्या साड्यांवरून. ती म्हणाली, गोळ्यांनी नुसती गुंगी यायची, मग भावानं एका वैद्यांकडे नेलं, त्यांच्या तेलानं मला रात्रभर झोप लागायला लागली. ‘पण ते तिथंच आईकडे ठेवून आले. इथं चालत नाही म्हणे.’ मी हं हं केलं. कोणतं तेल, का चालत नाही, विचारलं नाही. शेवटचे चार-पाच कागद तिच्या हातात राहिले होते, ते घालू का म्हणाली. मी फोनवर हात ठेवून सांगितलं, घाला हो सगळे.

जानेवारीत ती फाईल आमच्या मजल्यावर आली. माझ्याकडे नाही, पलीकडच्या टेबलावरच्या केरळी मुलीकडे. तिनं तपासण्यांची बिलं, स्कॅन, औषधं, सगळं भराभर पास केलं आणि एका कागदापाशी अडकली. वैद्यांची चिठ्ठी होती. नावगाव इंग्रजीत छापलेलं आणि खाली सगळं हातानं, मराठीत. ती घेऊन आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनी मला बोलावलं. हे डॉक्टर सुदानचे. क्लेम मेडिकल कारणावरून मंजूर करायचा की नाही, हे ते ठरवतात. मऊ बोलणारा, मवाळ माणूस. ही तुमची हिंदी वाचून द्याल का, म्हणाले. मी लगेच सांगितलं, हिंदी नाही डॉक्टर, मराठी. तिथंही माझी ऐट.

चिठ्ठी हातात घेतली. वळणदार, जुन्या शाळेतलं अक्षर. विजयेच्या पानांच्या अर्काचे तेल, दोन थेंब जिभेखाली, रात्री जेवणानंतर, गाडी चालवू नये. मागे दुकानाचं बिल टाचलेलं. विजया म्हणजे भांग, गांजाचंच झाड. आपल्याकडे वैद्याच्या चिठ्ठीवर अशी औषधं रीतसर मिळतात, त्यात चोरीमारी काही नाही. पण मी बसले होते दोह्यात. आणि मग फाईलचं पहिलं पान दिसलं. फॉर्मवरचं अक्षर माझं होतं.

विजया म्हणजे काय ते मी इंग्रजीत लिहून दिलं. खरं लिहिल्याची मला आजही लाज वाटत नाही. ऑफिसच्या कागदावर हर्बल ऑइल अशी मखलाशी करायला नकोच होती. डॉक्टरांनी वाचलं, सुस्कारा टाकला आणि चष्मा काढून ठेवला. त्यांना फाईल बिघडवायची नव्हती, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणाले, हे औषध इथं बेकायदा आहे, आपण काय, कुठलीच पॉलिसी इथं ते देणार नाही. पण बाईंनी ते भारतात घेतलं आणि तिथंच सोडलं असेल तर मी एवढी एक ओळ कापतो, बाकीचं मंजूर करतो आणि खलास. कुणीतरी मला तेवढं खात्रीनं सांगायला हवं, नाहीतर मला त्यांच्या कंपनीला लिहून विचारावं लागेल. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, ‘तुम्ही ओळखता का या लोकांना?’

मी म्हणाले, ‘नाही.’

लगेच म्हणाले. विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही. नंतर मी स्वतःला शंभर कारणं दिली. ओळखते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, हा फॉर्म कुणी भरला? मग इतके दिवस भरलेले सगळे फॉर्म बाहेर आले असते. नोकरी गेली असती. आमच्या ह्यांच्या कानावर गेलं असतं, मंडळींत तोंड दाखवायला जागा उरली नसती. गांजा हा शब्द आणि माझं नाव एका कागदावर आलं असतं. सगळं खरं. पण त्या क्षणी यातलं काहीच मनात नव्हतं. मी नुसती घाबरले आणि शेपूट घातलं. अनारशावरची खसखस दाणा दाणा खरवडून आणणारी बाई ते तेल विमानात घालेल का, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक होतं? तिनं तर मला तोंडानं सांगितलंही होतं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, शुक्रन. मी जागेवर येऊन बसले आणि पुढची फाईल उघडली.

तो मंगळवार होता. त्याच शुक्रवारी वहिनीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जावं की नाही, दोन दिवस घोळ घातला. मग वाटलं, न गेले तर संशय येईल. चोराच्या मनात जे असतं तेच. गेले. तिनं मला सर्वांच्या आधी बसवलं. कुंकू लावताना तिचं बोट माझ्या कपाळाला लागल्याबरोबर तिनं चटकन मागे घेतलं, तिलाच झोंबलं होतं. हलव्याची वाटी तिनं मोज्यांच्या पायांनी सावकाश चालत आणून दिली. एक जण म्हणाली, वहिनी, कशाला एवढं करता, बसा ना. ती म्हणाली, फेब्रुवारी-मार्च काढायचाय, मग बघू. लेकीचे पेपर झाले की नाशिकला जाऊन निवांत झोपणार आहे मी. सगळ्या हसल्या, मीही हसले. वाण म्हणून तिनं स्टीलचा छोटा डबा दिला होता, तो मी घरी आणून वरच्या फळीवर मागे सारून ठेवला.

पुढच्या आठवड्यात पत्र गेलं. क्लेममध्ये एक प्रतिबंधित पदार्थ आढळला आहे, तो सध्या कुठे आहे याचा लेखी खुलासा करावा, सोबत चिठ्ठीची प्रत आणि भाषांतर. तिच्या मिस्टरांना एचआरमध्ये बोलावलं. हे सगळं मला आमच्या ह्यांच्याकडून कळत होतं, बसमध्ये ते शेजारी बसायचे ना. माणूस अगदी खचलाय म्हणाले. त्यानं लगेच लिहून दिलं की बाटली भारतात आहे, एचआरनंही फार ताणलं नाही. पण त्याच्या डोक्यात एकच बसलं. उद्या तिचं रक्त तपासायला सांगितलं आणि जुन्या औषधाचा काही अंश निघाला तर? त्याला तिची काळजी होती आणि नोकरीचीही, आणि तो दोन्ही लपवत नव्हता. त्यानं तिचं नाशिकला परत जायचं तिकीट काढलं. परीक्षेला तीन आठवडे होते.

आमचे हे जेवताना म्हणाले, कोण मूर्ख असेल तिथं तुमच्या ऑफिसात, साधं विचारून घेता आलं नसतं का? तू का नाही मधे पडलीस? मी म्हणाले, माझ्याकडे ती फाईल आलीच नाही. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी माझ्याकडे आली. तिला चालवत नाही म्हणून मिस्टरांनी गाडीनं आणलं होतं, पण ते खाली गाडीतच बसले, आमच्या वरच्या मजल्यावर आले नाहीत. दिवाळीत मी तिला फराळ घालून दिलेला डबा परत द्यायला आली होती. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून त्यात शेंगदाण्याचे लाडू. मी फार बोलत होते. किती वाईट झालं, लोक कसे असतात, काय ते नियम, मी चौकशी करते, इन्शाल्ला सगळं नीट होईल. तोंड चालूच होतं माझं. तिनं मला बोलू दिलं. सोफ्याच्या कडेला बसून ती मोजा सारखा करत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा तिनं वर पाहिलं.

‘माझ्या वैद्यांचं अक्षर तिथं दुसरं कोण वाचणार होतं, ताई?’

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी भांडले तरी असते. मी तसली आहे, कुणी आवाज चढवला की मला जोर येतो. ती अगदी साधं बोलली, भाजी कितीला दिली विचारावं तसं. तेव्हा तरी सांगायचं होतं, हो वहिनी, मीच, आणि लिहिण्यापेक्षा वाईट केलं, तुम्हाला ओळखत नाही म्हणून सांगितलं. मी म्हणाले, चहा टाकू का?

नको म्हणाली. मग उठताना तिनं एक काम सांगितलं. मुलगी आता बापाबरोबर एकटी असेल, आणि त्याची नेमकी तेव्हा पहाटेची शिफ्ट. पहिल्या पेपरच्या दिवशी तिच्या हातावर दहीसाखर ठेवाल का? तिला कळत नाही त्यातलं काही, पण मला इथून गेल्यावर वाटत राहील. मी म्हणाले, अहो, हे काय सांगणं झालं? ती जिना उतरताना कठड्याला कोपरानं धरत होती, तळवा टेकवत नव्हती. मी दारात उभी राहून बघितलं.

अजूनही सगळं हातात होतं. दुसऱ्या दिवशी रविवार, इथल्या आठवड्यातला ऑफिसचा पहिला दिवस. तिचं विमान दुपारी होतं. अल खोरहून दोह्याला जाताना गाडीत मी वाक्यं पाठ केली. डॉक्टर, मी त्या दिवशी खोटं बोलले, मी यांना ओळखते, बाटली नाशिकला आहे. तीन वाक्यं. डॉक्टरांच्या केबिनपाशी गेले. दार उघडं होतं, ते फोनवर होते, मला पाहून त्यांनी आत येण्याची खूण केली. मी हातानंच सांगितलं, काही नाही, नंतर येते. नंतर म्हणजे कधी? गेलेच नाही. महिनाभरानं ती फाईल त्यांनीच बंद केली, तेलाची ओळ कापून बाकी सगळं मंजूर. त्यांनी त्या दिवशी सांगितलं होतं, अगदी तसंच.

पहिल्या पेपरच्या सकाळी मी साडेसहाला वाटी घेऊन गेले. दही मी घरी लावलं होतं, विकतचं घ्यायला मन होईना. मुलगी युनिफॉर्म घालून तयार होती, केस तिनं स्वतःच बांधलेले, मागून एक बट सुटलेली. टेबलावर सीरियलचं बोल आणि शेजारी फोन उभा करून ठेवलेला. मम्माशी आत्ताच बोलले, म्हणाली, इंग्रजीत. या पोरी आपलं मराठी सगळं समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. मम्मा कशी आहे विचारलं. आता झोपते छान, म्हणाली, तिचं औषध तिथं मिळतं ना. परत कधी येणार विचारलं, तर तिनं खांदे उडवले. डॅड म्हणतात आता नकोच, मीच सुट्टीत जाईन.

मी तिच्या हातावर दहीसाखर ठेवली. तिनं चाटून खाल्ली आणि हात पुसायला टिश्यू शोधला. बाहेर बसचा हॉर्न वाजला. मी म्हणाले, यल्ला, पळ आता. ती दप्तर घेऊन दारापर्यंत गेली, थबकली आणि परत आली. काहीतरी आठवून आणल्यासारखं तिनं मराठीत, अडखळत सांगितलं, ‘मम्मानं सांगितलंय, आंटींच्या पाया पडून जा.’

आणि ती वाकली. नीट येत नव्हतं तिला, दोन्ही हातांनी तिनं माझी पावलं धरली. माझे पाय थंड फरशीवर अनवाणी होते, त्यांना काही दुखत नव्हतं, जळत नव्हतं. मागे घ्यायला हवे होते. मी घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून यशस्वी हो म्हणाले, आणि ती बसकडे धावत गेली.